प्रस्तावना : गतकालीन इंग्रजी शब्द आणि त्यांचे मराठी सोयरे

ग्वाल्हेर, इंदूर, देवास, धार, बडोदे यांसारख्या, एके काळी मराठी दरबारांच्या छत्राखाली नांदलेल्या गावांतील ज्या मराठी वाचकास आपल्या गावाचा गेल्या दोनअडीचशे वर्षांचा इतिहास मुळापासून वाचावयाचा असेल, त्यास मोडी दप्तराच्या जोडीने इंग्रजी दप्तरही उघडावेच लागते. १७८२ साली ग्वाल्हेरच्या दक्षिणेस सालबाई या खेड्यात महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने झालेला तह, १८०३ मधील सुर्जी-अंजनगावचा तह, महाराजपूर आणि पनिहार येथील लढायांनंतर जानेवारी १८४४ मध्ये खुद्द ग्वाल्हेरात झालेला तह, रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार, जमीनमोजणीचे अहवाल, गॅझेटियरे, प्रवासवर्णने, डॉक्टरांच्या नोंदी असा हा अफाट पसारा ज्या इंग्रजीत लिहिला गेला, ती इंग्रजी आज आपल्या मुलांना शाळेत शिकविली जाते ती नव्हे. लिपी तीच, शब्दांचे वर्ण बहुतेक तेच, व्याकरणही फारसे बदललेले नाही. परंतु शब्दांच्या आत वसणारा अर्थ मात्र कित्येक ठिकाणी घर सोडून गेला आहे आणि त्या घरी दुसराच कोणी राहावयास आला आहे. कायदा, शास्त्र आणि नित्यव्यवहार या तीन क्षेत्रांतील अशा शब्दांचे जुने अर्थ मराठी वाचकापुढे एकत्र ठेवावे, एवढाच या संग्रहाचा उद्देश आहे.

अपरिचित शब्दापासून वाचकास फारसे भय नसते, कारण तो अडला की वाचक कोश उघडतो. भय असते ते परिचित शब्दापासून. जो शब्द आपण रोज वापरतो त्याचा अर्थ पाहावा असे कोणाच्या मनातही येत नाही, आणि म्हणून शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या वाक्यात तो भेटला की आजचा अर्थ त्याच्या गळ्यात बांधून आपण निःशंकपणे पुढे जातो. ग्वाल्हेरच्या इतिहासातील एक प्रख्यात नाव घेऊ. १८४४ च्या तहाने वाढविलेली, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील आणि शिंदे दरबारच्या खर्चाने पोसलेली जी फौज, जिने १४ जून १८५७ रोजी मुरारच्या छावणीत बंडाचे निशाण उभारले आणि पुढे तात्या टोप्यांच्या नेतृत्वाखाली कानपुरावर चाल केली, तिचे नाव ‘ग्वाल्हेर काँटिंजंट’. आजच्या कायद्याच्या व हिशेबाच्या भाषेत ‘काँटिंजंट’ म्हणजे आकस्मिक, झाले तर होणारे, अनिश्चित. त्यामुळे अडीअडचणीसाठी उभारलेली ती आकस्मिक फौज असावी, असा समज होणे अगदी साहजिक आहे. वस्तुतः ज्या लॅटिन क्रियापदापासून तो शब्द निघाला त्याचा एक अर्थ ‘वाट्यास येणे’ असा आहे, आणि लष्करी भाषेत ‘काँटिंजंट’ म्हणजे दोन सत्तांच्या करारात एकीच्या वाट्यास आलेला फौजेचा हिस्सा. तिच्यात आकस्मिक असे काही नव्हते; ती बारमाही, पगारी आणि कवायती होती.

या एका उदाहरणात प्रस्तुत संग्रहामागील विचाराचे बीज आहे, व तो विचार येथेच स्पष्ट सांगितलेला बरा. जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ लावताना आज सरकारी परिभाषाकोशांतून प्रचलित झालेला नवा संस्कृत प्रतिशब्द पुष्कळदा चुकीच्या दिशेस नेतो. उलट, त्या शब्दाच्या काळी आपल्या दप्तरात, बाजारात, वैद्याच्या ओसरीवर किंवा सराफाच्या पेढीवर जो शब्द चालत होता, तो अरबी-फारसी वंशाचा असो, संस्कृत असो वा देशी असो, बहुधा नेमका बसतो. समकालीन शब्दांना एकमेकांची ओळख असते. ते एकाच व्यवहाराच्या दोन टोकांस उभे राहिलेले असतात. म्हणून येथे प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे, जेथे सापडला तेथे, त्याच्याच वयाचा मराठी सोयरा बसविला आहे, आणि आजचा प्रतिशब्द निराळा असल्यास तोही दिला आहे, म्हणजे दोहोंतील अंतर वाचकाच्या नजरेस यावे.

प्रथम कायदा आणि राजव्यवहार या विभागाकडे वळू, कारण आमच्या प्रांतातील वाचकास याच शब्दांशी सर्वांत अधिक काम पडते. ‘सब्सिडियरी फोर्स’ ही संज्ञा घ्यावी. ‘सब्सिडियरी’ म्हणजे दुय्यम, साहाय्यक, हा आजचा अर्थ. आणि ज्या कंपनीचे भांडवल दुसरीच्या हाती असते तीस ‘सब्सिडियरी कंपनी’ म्हणण्याचा प्रघात असल्याने तो अर्थ अधिकच पक्का झाला आहे. परंतु अठराव्या शतकात ‘सब्सिडी’ म्हणजे एका राजाने दुसऱ्यास फौजेबद्दल द्यावयाचा पैसा. इंग्लंडचा राजा जर्मन संस्थानिकांस असा पैसा भरून त्यांच्या पलटणी आपल्या युद्धांत वापरीत असे. हिंदुस्थानात कंपनी सरकारने ही व्यवस्था उलटी फिरविली : फौज कंपनीची, हुकूम कंपनीचा, आणि पैसा अथवा मुलूख मात्र देशी राजाचा. १८०२ च्या अखेरीस वसईस पेशव्यांनी आणि फेब्रुवारी १८०४ मध्ये बऱ्हाणपुरास दौलतराव शिंद्यांनी जी फौज कबूल केली, तीस आमच्या लोकांनी ‘तैनाती फौज’ म्हटले. इंग्रजी नाव पैशाकडे बोट दाखविते, मराठी नाव कोणाच्या तरी हुकमाने येऊन बसण्याकडे. दोन्ही मिळून त्या व्यवस्थेचे संपूर्ण चित्र होते, आणि ‘दुय्यम’ हा भाव त्या दोहोंतही नाही.

‘लॅप्स’ हा शब्द त्याहून बोलका आहे. आजच्या व्यवहारात विम्याचा हप्ता चुकला म्हणजे विमा ‘लॅप्स’ होतो. मूळ अर्थ घसरणे, निसटणे. इंग्लंडच्या धर्मविषयक कायद्यात एखाद्या जागेवर उपाध्याय नेमण्याचा हक्क ज्याचा असे त्याने ठरावीक मुदतीत तो बजावला नाही, तर हक्क निसटून बिशपाकडे जाई, त्यास ‘लॅप्स’ म्हणत. मृत्युपत्रान्वये ज्यास काही मिळावयाचे तो मृत्युपत्र करणाऱ्याच्या आधीच वारला तर ते दानही ‘लॅप्स’ होई. लॉर्ड डलहौसीने १८४८ साली सातारा आणि १८५४ साली झांशी व नागपूर ही राज्ये याच शब्दाच्या आधाराने घेतली. आता गंमत पाहावी : इंग्रजी शब्दात कर्ता नाही, हक्क आपोआप निसटला, कोणी काही केले नाही, असा त्याचा ध्वनी. आमच्या लोकांनी त्याच घटनेस ‘खालसा करणे’ म्हटले, म्हणजे सरकारने राज्य आपल्या खासगत अमलाखाली घेणे. तेथे घेणारा स्पष्ट आहे. दत्तकपुत्रास मांडीवर बसवून झांशीची राणी ज्या कागदाविरुद्ध अर्ज-विनंत्या करीत होती, तो कागद वाचताना हे दोन्ही शब्द शेजारी ठेवल्यावाचून वादाचे मर्म ध्यानी येत नाही.

‘पोलिटिकल’ या विशेषणाने तर कित्येक चांगल्या अभ्यासकांस चकविले आहे. कंपनीच्या कारभारात ‘पोलिटिकल’ खाते म्हणजे पक्षोपपक्षांचे वा निवडणुकांचे खाते नव्हे; देशी संस्थाने आणि परसत्ता यांच्याशी बोलणी, तहनामे व वकिलाती यांचा कारभार तो ‘पोलिटिकल’. ग्वाल्हेरचा रेसिडेंट या खात्याचा. येथेही मराठीतील जुना सोयरा हाताशी आहे, पण तोही आपला अर्थ बदलून बसला आहे : बखरींत व पेशवाईतील पत्रांत ‘राजकारण’ म्हणजे परसत्तेशी गुप्त वा प्रकट संधान, डाव, मसलत. ‘अमुकाने राजकारण राखले’ असे जेथे लिहिलेले असते तेथे आजच्या सभा-संमेलनांतील राजकारणाचा मागमूसही नसतो. दोन्ही भाषांतील दोन्ही शब्द एकाच अर्थापासून निघून जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन पोहोचले, ही ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

तीच कथा ‘पेन्शन’ची. बिठूर येथे दुसऱ्या बाजीरावास मिळणारी सालीना ८ लाखांची रक्कम म्हणजे सेवानिवृत्तीचे वेतन खास नव्हे. जुन्या इंग्रजीत ‘पेन्शन’ म्हणजे राजाने किंवा सरकारने कोणास काही कारणाने नियमाने द्यावयाची रक्कम. मराठी दप्तरात तीस ‘नेमणूक’ म्हणत. आज नेमणूक म्हणजे नोकरीवरील नियुक्ती आणि पेन्शन म्हणजे नोकरी संपल्यावरचा पैसा. एकाच जोडीतील एक शब्द नोकरीच्या आरंभी जाऊन उभा राहिला, दुसरा शेवटी. दस्तऐवजी भाषेतील ‘डिमाइज’ हाही असाच : मालमत्तेचे हस्तांतर, विशेषतः पट्ट्याने देणे, हा त्याचा कायदेशीर अर्थ, राजाच्या निधनाने राजमुकुट वारसाकडे जातो त्यास ‘मुकुटाचे डिमाइज’ म्हणू लागले, आणि त्यातून सर्वसाधारण मृत्यू हा अर्थ निघाला. भाडेपट्ट्यात हा शब्द पाहून कोणी वारले असे समजू नये. उलट ‘द सेड’ या उपपदासारख्या शब्दांस मात्र आमच्या कारकुनांनी ‘सदरहू’ आणि ‘मजकूर’ असे तंतोतंत जोडीदार पूर्वीच तयार ठेवले होते. तेथे संग्रहकारास काही करावे लागले नाही.

या विभागात काही शब्द असेही आहेत की जे आमच्याकडून इंग्रजीत गेले किंवा युरोपातून निघून आमच्या गावात कायमचे राहिले. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला. तो तळ उठलाच नाही आणि त्याचे शहर झाले, ते आजचे लष्कर. ‘लष्कर’ या फारसी शब्दापासून इंग्रजीत ‘लास्कर’ झाला व पुढे तो आगबोटीवरील हिंदी खलाशाचे नाव म्हणून रूढ झाला. परंतु जुन्या लष्करी कागदांत ‘गन-लास्कर’ किंवा ‘टेंट-लास्कर’ आढळला तर समुद्राचा विचार मनात आणू नये, तो तोफखान्याच्या वा तंबूंच्या चाकरीतील माणूस होय. याच लष्करात ‘कंपू’ नावाचा भाग आहे. पोर्तुगीज ‘कांपो’ किंवा इंग्रजी ‘कँप’ यापासून निघालेला हा शब्द महादजींच्या सेवेतील द बॉइन् याने तयार केलेल्या कवायती ब्रिगेडींस लावीत. इंग्रजांनी तो आमच्याकडून परत उचलला आणि आपल्या कागदांत ‘कँपू’ म्हणून लिहिला. पुण्यामुंबईच्या मराठीत आज कंपू म्हणजे चारचौघांचे टोळके; ग्वाल्हेरच्या मराठी माणसास मात्र तो रिक्षावाल्यास सांगावयाचा पत्ता आहे. इंग्रज अधिकारी टॉमस ब्रॉटन याने १८०९ साली शिंद्यांच्या फिरत्या लष्करातून लिहिलेली पत्रे १८१३ मध्ये लंडनास प्रसिद्ध झाली. ती वाचू इच्छिणाऱ्याने हे शब्द अगोदर पाहून ठेवावेत.

दुसरा विभाग शास्त्राचा. ‘सायंटिस्ट’ हा शब्दच मुळी १८३४ च्या पूर्वी छापलेला आढळत नाही. विल्यम ह्यूएल याने तो घडविला. त्यापूर्वी पदार्थांचे धर्म शोधणारा तो ‘नॅचरल फिलॉसफर’, आणि त्याच्या शास्त्रास ‘नॅचरल फिलॉसफी’ म्हणत. न्यूटनच्या १६८७ मधील महाग्रंथाच्या नावातही तत्त्वज्ञान हाच शब्द आहे. म्हणून जुन्या पुस्तकातील ‘फिलॉसफिकल इन्स्ट्रुमेंट’ म्हणजे तत्त्वचिंतनाचे साधन नसून वायुभारमापक किंवा विद्युत् उत्पन्न करणारे चक्र असते.

रसायनाच्या प्रांतात आमचा सिद्धांत विशेष खरा ठरतो. अठराव्या शतकातील इंग्रजी ग्रंथांत ‘एअर’ म्हणजे केवळ हवा नव्हे. कोणताही वायू तो ‘एअर’. जोसेफ ब्लॅकचा ‘फिक्स्ड एअर’ म्हणजे कार्बन डायऑक्साइड, कॅव्हेंडिशने १७६६ मध्ये वर्णिलेला ‘इन्फ्लेमेबल एअर’ म्हणजे हायड्रोजन, आणि प्रीस्टलीने १७७४ मध्ये मिळविलेला ‘डिफ्लॉजिस्टिकेटेड एअर’ म्हणजे प्राणवायू. मराठीत ‘वायू’ हा शब्द वाहत्या वाऱ्यासही चालतो आणि प्रयोगशाळेतील नळीतल्या पदार्थासही, म्हणून जुन्या ‘एअर’चे भाषांतर त्याने बिनचूक होते. लाव्हाझिएने दिलेल्या ‘ऑक्सिजन’ या नावाचा अर्थ आम्ल उत्पन्न करणारा. पुढे १८१० मध्ये डेव्हीने क्लोरिनात प्राणवायू नसल्याचे दाखविले आणि सर्व आम्लांचे मूळ प्राणवायूत आहे ही कल्पना ढासळली, तरी नाव टिकले. शास्त्रीय संज्ञेत पुष्कळदा एक मोडीत निघालेला सिद्धांत जतन झालेला असतो, याचे हे ठळक उदाहरण.

जुन्या औषधयाद्यांतील ‘ब्लू व्हिट्रिअल’ म्हणजे मोरचूद, ‘ग्रीन व्हिट्रिअल’ म्हणजे हिराकस, ‘सॉल्टपीटर’ म्हणजे सोरा, ‘सॅल अमोनियाक’ म्हणजे नवसागर. ही नावे पंसाऱ्याच्या दुकानात आजही चालतात, आणि ‘कॉपर सल्फेट’, ‘अमोनियम क्लोराइड’ या नव्या नावांपेक्षा त्यांचे जुन्या इंग्रजी नावांशी अधिक जुळते, कारण दोन्ही नावे रंग, रूप आणि उपयोग पाहून ठेवलेली आहेत, घटक पाहून नव्हे. ‘अॅक्वा फॉर्टिस’, म्हणजे नायट्रिक आम्ल, याचा शब्दशः अर्थ बळकट पाणी. आमच्या सराफ्यातील ‘तेजाब’ याचा फारसीत शब्दशः अर्थ तीक्ष्ण पाणी. सोन्यातून चांदी वेगळी काढण्यासाठी युरोपातील सोनार जे द्रव्य वापरीत तेच आमचे सोनार वापरीत, आणि एकमेकांस न विचारता दोघांनीही त्यास जवळजवळ एकच नाव दिले.

‘कॉम्प्युटर’ हा शब्द विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच्या कागदात दिसला की तो माणूस आहे असे समजावे. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीचा जो महान चाप कन्याकुमारीपासून हिमालयाकडे नेला गेला, तो ७८ रेखांशाच्या आसपास, म्हणजे ग्वाल्हेरच्या अगदी जवळून जातो. जॉर्ज एव्हरेस्टने त्यासाठी माळव्यात सिरोंज येथे पायारेषा मोजली होती. या खात्यात कोन आणि अंतरे यांवरून उंची व स्थाने काढणारे जे कर्मचारी त्यांचे पदनाम ‘कॉम्प्युटर’, आणि राधानाथ सिकदार हे त्यांचे मुख्य. त्या पदास ‘गणक’ हा आपला प्राचीन शब्द नेमका लागतो. यंत्रास आपण ‘संगणक’ म्हटले, तेव्हा एका उपसर्गाने माणूस आणि यंत्र यांची वाटणी नकळत होऊन गेली. इंग्रजीने तेवढीही सोय ठेवली नाही.

आकड्यांचा विषय निघाला असता ग्वाल्हेरकरांनी ‘सायफर’ या शब्दाकडे अभिमानाने पाहिले तर ते क्षम्य ठरावे. किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरात इ. स. ८७६ चा जो शिलालेख आहे, त्यात फुलबागेसाठी दिलेल्या २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमिनीचा आणि नित्य ५० माळांचा उल्लेख असून २७० व ५० यांतील शून्य आजच्यासारखे वाटोळे कोरलेले आहे. आपल्या ‘शून्या’चे अरबीत ‘सिफ्र’ म्हणजे रिकामे असे भाषांतर झाले, आणि त्यातून लॅटिनमार्गे ‘सायफर’ व ‘झीरो’ हे दोन्ही इंग्रजी शब्द जन्मले. जुन्या इंग्रजीत ‘सायफर’ म्हणजे शून्य, ‘सायफरिंग’ म्हणजे अंकगणित, आणि ‘मिअर सायफर’ म्हणजे ज्याचे काही चालत नाही असा मनुष्य. आज मात्र तो शब्द बहुधा सांकेतिक लिपीसाठी राखून ठेवला आहे, आणि रेसिडेन्सीच्या पत्रांत तो यांपैकी कोणत्याही अर्थाने येऊ शकतो. संदर्भ पाहणे हाच उपाय.

वैद्यकाच्या शब्दांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण तेथे शब्दामागे संपूर्ण शरीरशास्त्र उभे असते. युरोपात शतकानुशतके अशी समजूत होती की शरीरात चार रस असतात आणि त्यांच्या मिश्रणावर मनुष्याची प्रकृती ठरते. त्या मिश्रणाचे नाव ‘टेंपरामेंट’ किंवा ‘टेंपर’, आणि ‘कॉम्प्लेक्शन’ हेही त्याच मिश्रणाचे नाव, त्वचेच्या वर्णाचे नव्हे. युनानी हकीम त्याच कल्पनेस ‘मिजाज’ म्हणत, आणि त्या अरबी शब्दाचा धात्वर्थही मिसळणे हाच. पुढे इंग्रजीत ‘टेंपर’ म्हणजे राग झाला आणि मराठीत ‘मिजास’ म्हणजे ताठा झाला. जुन्या इंग्रजी पत्रात एखाद्या सरदाराच्या ‘टेंपर’चे वर्णन असेल तर तो रागीट होता असे न समजता त्याचा मिजाज कसा होता एवढेच समजावे. ‘कन्झम्प्शन’ म्हणजे क्षय. येथे तर आयुर्वेदाने आणि इंग्रजीने झिजण्याची एकच कल्पना घेतली आहे. ‘मलेरिया’ म्हणजे इटालियन भाषेत वाईट हवा. ऑगस्ट १८९७ मध्ये रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेस डासाच्या जठरात त्या रोगाचे जंतू पाहिले, त्यापूर्वीच्या अहवालांत मलेरिया हे मुख्यतः रोगाचे नाव नसून स्थळाच्या दोषाचे नाव आहे. आमच्याकडे ‘तिथली हवा बाधते’, ‘तिथलं पाणी लागतं’ असे जे म्हणतात तीच ही कल्पना. आणि रोग्यास जो होई तो ‘एग्यू’, म्हणजे आपला हिवताप.

तिसरा विभाग नित्यव्यवहाराचा. तो दिसावयास सोपा, पण फसवणूक त्यातच अधिक. जुन्या इंग्रजीत ‘वाइफ’ म्हणजे केवळ स्त्री. ‘मिडवाइफ’ या सुइणीच्या नावात तो अर्थ अद्याप शिल्लक आहे. मराठीत ‘बायको’चेही तसेच झाले : एकवचन विवाहितेपुरते आकुंचित झाले, तरी ‘बायका’ हे अनेकवचन अजून सर्व स्त्रियांचे आहे. ‘डिअर’ म्हणजे पूर्वी कोणताही पशू, नंतर हरिण. ‘मृग’ हा शब्दही अगदी याच वाटेने आला, आणि ‘मृगया’ व ‘मृगेंद्र’ या शब्दांत जुना अर्थ थांबून राहिला. ‘मीट’ म्हणजे पूर्वी कोणतेही अन्न. म्हणून दसऱ्याच्या दरबाराचे वर्णन वाचताना ‘स्वीटमीट’ वाटल्याचा उल्लेख आला तर कोणी दचकू नये, ती मिठाई होय. ‘कॉर्न’ म्हणजे मका नव्हे. इंग्लंडात ते बहुधा गहू, स्कॉटलंडात ओट, आणि इंग्रज अधिकाऱ्याच्या लष्करी बाजाराच्या वर्णनात कोणतेही धान्य. आम्हा ग्वाल्हेरकरांस हे समजणे कठीण जाऊ नये, कारण मराठीतील ‘धान्य’ आणि शेजारच्या हिंदीतील ‘धान’, म्हणजे साळ, यांतील भेद आम्ही रोज सांभाळतो.

‘फॅमिली’ या शब्दाने तर घोटाळाच होतो. सेनापतीची ‘फॅमिली’ म्हणजे त्याचे खासे अधिकारी, आणि गृहस्थाची ‘फॅमिली’ म्हणजे नोकरचाकरांसह सारे घर. याच्या उलट, मराठीतील ‘कुटुंब’ संकोच पावता पावता एका व्यक्तीवर येऊन थांबले होते, आणि ‘आमचं कुटुंब माहेरी गेलं आहे’ असे म्हणणारे आजोबा अनेकांनी पाहिले आहेत. ‘कंडिसेन्शन’ आज निंदेचा शब्द आहे. जुन्या पत्रांत तो थोराने लहानाशी मनमोकळेपणाने वागण्याची स्तुती करतो. ‘मेहेरबानी’चाही प्रवास असाच झाला : पत्राच्या मायन्यात आदराने येणारा शब्द आता ‘मोठी मेहेरबानी झाली’ अशा उपरोधासाठी उरला. ‘लेट’ या क्रियापदाचा जुना अर्थ अडविणे, म्हणजे आजच्या अर्थाच्या अगदी उलट. वास्तविक ती दोन निरनिराळी क्रियापदे उच्चारात एक झाली आणि त्यांपैकी एक मेले, परंतु भारतीय पारपत्राच्या पहिल्या पानावरील राष्ट्रपतींच्या नावाने केलेल्या विनंतीत, धारकास अटकाव न करता जाऊ द्यावे या अर्थाने, त्या मृत क्रियापदापासून निघालेले नाम अजून आपली चाकरी बजावीत आहे.

येथपर्यंत सोयरिकीची बाजू मांडली; आता तिच्या मर्यादा सांगणे कर्तव्य आहे. समकालीन असले म्हणून दोन शब्द समव्याप्त असतातच असे नाही. दरबारांतून वावरणारा आमचा ‘वकील’ आणि कंपनीचा ‘रेसिडेंट’ हे नावाने एका पंक्तीचे, पण वकील धन्याचे बोलणे पोहोचवी, आणि रेसिडेंट कालांतराने यजमानाच्याच घरात हुकूम चालवू लागला. शिवाय महादजींच्या काळी ‘वकील-इ-मुतलक’ हे पद बादशाहीतील सर्वाधिकाराचे होते; त्या वकिलास आजच्या न्यायालयातील वकिलाच्या मापाने मोजणे हास्यास्पद होईल. कधी कधी इंग्रज लेखक आमच्या संस्थेस मुद्दाम आपल्याकडील हलका शब्द लावी. चौथाईस ‘ब्लॅकमेल’ म्हटलेले आढळते. तेव्हा त्या शब्दाचा अर्थ गुपित फोडण्याची धमकी असा नसून स्कॉटलंडच्या सरहद्दीवरील लुटारूंस रयत देत असे ती संरक्षणाची खंडणी असा होता, परंतु जुना अर्थ घेतला तरी सनदेने मान्य झालेला हक्क आणि लुटारूची खंडणी यांतील भेद त्या शब्दाने पुसला जातोच. जमीनदारास ‘लँडलॉर्ड’ म्हटल्याने तर बंगालच्या रयतेचे हक्कच बदलून गेले. तेव्हा सोयरा सापडला म्हणजे काम संपले असे नव्हे. त्याचे घराणेही तपासावे लागते.

व्युत्पत्तीविषयीही असाच सावधपणा हवा. फारसीतून आलेला आपला ‘दप्तर’ आणि ‘डिफ्थीरिया’ हे रोगाचे नाव, दोहोंचे मूळ चामडे या अर्थाच्या एका ग्रीक शब्दात आहे : चामड्यावर लिहीत म्हणून दप्तर, आणि घशात चामड्यासारखा पापुद्रा धरतो म्हणून तो रोग. ही माहिती मनोरंजक आहे, पण तिच्या बळावर दप्तराचा किंवा घटसर्पाचा अर्थ कोणी लावू जाईल तर ते व्यर्थ होय. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात असतो. मूळ केवळ त्या वापराचे कारण कधी कधी सांगते. या संग्रहात व्युत्पत्ती दिली आहे ती जेथे ती अर्थास उजेड देते तेथेच.

असे कार्य करणारे पूर्वसूरी थोर होऊन गेले आणि त्यांच्या खांद्यावर बसूनच हा लहानसा उद्योग झाला. डॉक्टर जॉन्सनचा १७५५ चा कोश, पूर्वी निराळ्या अर्थाने वापरलेल्या इंग्रजी शब्दांचा ट्रेंच याने १८५९ मध्ये केलेला निवडक संग्रह, ज्याचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला व जो १९२८ मध्ये पूर्ण झाला तो ऑक्सफर्डचा महाकोश, विल्सनचा १८५५ चा न्याय व महसूल यांच्या शब्दांचा कोश, यूल व बर्नेल यांचा १८८६ चा ‘हॉब्सन-जॉब्सन’ ही इंग्रजीकडील साधने. मराठीकडे मोल्सवर्थचा १८३१ चा कोश आणि त्याची १८५७ ची वाढविलेली आवृत्ती, माधव जूलियन यांचा १९२५ चा फारसी-मराठी कोश, आणि या सर्वांहून आमच्या कामाचा कँडीचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश. हा कोश १८४४ च्या ग्वाल्हेरच्या तहानंतर अवघ्या तीन वर्षांनी निघाला. त्या तहातील इंग्रजी शब्दास त्या वेळचा शिकलेला मराठी माणूस काय म्हणत असे, याची साक्ष त्याच्याइतकी जवळची दुसरी मिळावयाची नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले, आणि पुढील काळातील भाषाशुद्धीच्या चळवळीने ती परंपरा चालविली; नव्या राज्यास नवे शब्द हवेत, हे त्यांचे म्हणणे आम्हास मान्य आहे. परंतु जुने दप्तर वाचावयाचे तर जुने शब्द जिवंत ठेवावे लागतात, आणि ज्याने ‘तैनाती’, ‘खालसा’, ‘नेमणूक’ हे शब्द टाकून दिले त्याने इंग्रजी कागदाची किल्लीही त्यांच्याबरोबर टाकून दिली.

शेवटी या संग्रहाचा उपयोग कसा करावा याविषयी. शब्द सुटा पाहू नये. ज्या वाक्यात तो आला ते वाक्य, तो कागद ज्या वर्षीचा ते वर्ष, आणि लिहिणारा कोण, सैनिक, सर्जन, मोजणीदार की रेसिडेंट, या तीन गोष्टींची नोंद अगोदर करावी. त्यानंतर येथे दिलेल्या जुन्या अर्थांपैकी त्या वर्षास व त्या पेशास जुळणारा अर्थ घ्यावा, आणि त्याच सुमाराचे मोडी पत्र उपलब्ध असल्यास त्यात त्याच गोष्टीस काय म्हटले आहे ते पाहावे. जदुनाथ सरकार आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३६ पासून संपादिलेली पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराची मालिका आणि मराठी पत्रसंग्रह अशा जोडवाचनास फार सोयीचे आहेत. केवळ साहित्यात आढळणारे, आमच्याकडील कागदांत सहसा न येणारे शब्द येथे घेतलेले नाहीत. त्यांसाठी मोठे कोश आहेत. ज्यांच्या घरी जुन्या सनदा, तहनाम्यांच्या नकला किंवा रेसिडेन्सीची पत्रे आहेत त्यांनी त्या बांधून माळ्यावर न ठेवता या संग्रहाच्या मदतीने एकदा वाचाव्यात, आणि येथे न आलेला शब्द त्यांत सापडल्यास तो वाक्यासह व सालासह उतरून ठेवावा. पुढील आवृत्तीची सामग्री तीच होय.

ग्वाल्हेर